पाठ खेळाकडे, तोंड लोकांकडे

शुभांगीवहिनींचा फोन आला तेव्हा मी टाळ्या लावत होतो. हे नाट्य आणण्यासाठी लिहीत नाही, ते माझं रोजचं काम आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात माझा साउंड स्टुडिओ आहे आणि टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोंना आवाज चढवणं हा माझा वीस-बावीस वर्षांचा धंदा. कुणी नाचलं की टाळ्या, कुणी रडलं की ‘अरेरे’, कुणी बाद झालं की आधी दचकल्याचा आवाज आणि मग पुन्हा टाळ्या. त्या दुपारी एका स्पर्धकाने रागाच्या भरात आरशावर डोकं आपटून घेतलं होतं आणि त्यामागे कुठली टाळी बसेल ते मी पाहत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, “सदाभावजी, हे गेले. जेवून खुर्चीत बसले होते...” मी “आलोच” म्हणालो, फोन ठेवला, आणि समोर अर्धवट राहिलेली टाळी आधी पुरी केली. मग उठलो. विलासचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. त्या टाळीला घालवलेल्या वेळाची मला लाज वाटते, पण या लेखात ज्या गोष्टी कबूल करायच्या आहेत त्यांत ती सगळ्यात लहान आहे.

विलास परब हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. तो कधी पडद्यावर आला नाही. त्याचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन झाले, आणि विलास तिथेच वाढला. मूळचे मालवणकडचे. कॉलेजात त्याने एकांकिका केल्या, आवाज खणखणीत होता, समोर बसलेल्या माणसांना खिशात घालायची कला होती. त्या कलेला नाटकात फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही, टीव्हीत मिळालं. शो सुरू होण्याआधी समोरच्या प्रेक्षकांना तापवायचं, कुठे टाळ्या, कुठे हशा, कुठे उभं राहायचं ते शो चालू असताना खुणेने सांगायचं, असं एक काम असतं. विलास ते करायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. शेवटच्या रांगेलाही दिसावं म्हणून तो उजव्या मनगटाला पिवळा रुमाल बांधायचा. हात वर गेला की टाळ्या, हात खाली आला की बंद. मजा अशी की या कामात माणसाची पाठ खेळाकडे असते आणि तोंड लोकांकडे. इतकी वर्षं विलासने एकही शो पाहिला नाही, फक्त शो बघणारी माणसं पाहिली. ती सवय त्याच्या इतकी अंगात मुरली की घरातही त्याची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवलेली असे. वहिनी मालिका बघायच्या आणि हा वहिनींना बघायचा. मी चिडवायचो, “लग्नाला एवढी वर्षं झाली, अजून बायकोकडेच बघतोस?” तर म्हणायचा, “मालिका काय, उद्या विसरशील. हिचा चेहरा बघ, वाट लागलीय बिचारीची, सासूने हिलाच घराबाहेर काढल्यासारखी.”

त्याचे सगळ्यात लाडके प्रेक्षक म्हणजे खारदांड्याच्या कोळणी. सकाळचा बाजार आटोपला की पंधरा-वीस जणी बसमध्ये बसून शूटिंगला यायच्या. थंडगार हॉल, बसायला खुर्ची, दुपारचा डबा आणि टीव्हीवर स्वतःचं तोंड, एवढ्यावर त्या खूश. बाजारात हाका मारून तयार झालेले गळे. त्यांची टाळीही तशीच, पोकळ नाही. त्यांची म्होरकी हिराबाय. ती डब्यातली भाजी चाखून पहिल्याच दिवशी विलासला म्हणाली होती, “मास्तर, तुज्या टीवीवाल्यांना मीठ म्हायती नाय काय?” आणि पुढच्या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळून सुके बोंबील घेऊन आली होती. शो सुरू व्हायच्या आधी अर्धा तास विलास आणि मी या बायकांकडून नुसते आवाज रेकॉर्ड करून घ्यायचो. साधी टाळी, जोरात टाळी, उभं राहून टाळी. छोटं ‘अरेरे’, मोठं ‘अरेरे’, दचकणं, हळहळणं. समोर काहीच घडलेलं नसायचं. विलास म्हणायचा, “समजा आता एक पोरगी हरली,” आणि वीस बायका हळहळायच्या. मग तो म्हणायचा, “हरली ती वाईट होती,” आणि त्या टाळ्या वाजवायच्या. आम्ही याला टाळ्यांची बँक म्हणायचो. नंतर जिथे खरे आवाज कमी पडतील तिथे मी बँकेतून काढून भरायचो. सगळेच भरतात. यात काही पाप आहे असं तेव्हा आम्हाला दोघांनाही वाटत नव्हतं.

मग तो उंच मनोऱ्याचा शो आला. मढच्या बाजूला एका जुन्या गोदामात सेट होता. स्पर्धकांनी पंचवीस-तीस फुटांवरच्या अरुंद पट्टीवर उभं राहायचं, एकमेकांना ढकलायचं, जो पडेल तो दोराला लोंबकळेल आणि बाद होईल. त्या दिवशी जी मुलगी पडली ती दोराला लोंबकळली नाही. दोराचा आकडा नीट बसलेला नव्हता. ती सरळ खाली आली. प्रेक्षकांत त्या दिवशी खारदांड्याच्या बायकाच होत्या. विलास नेहमीप्रमाणे लोकांकडे तोंड करून उभा होता, हात वर गेलेला होता, कारण बाद होण्याची टाळी घ्यायची होती. मागे आवाज झाला आणि तो वळला. खेळाकडे पाठ करून उभा राहणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा वळला. पिवळा रुमाल बांधलेला हात तसाच वर राहिला होता, हे मी माझ्या जागेवरून पाहिलं. मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

ती मुलगी जगली. पण पुन्हा चालली नाही.

चौकशी झाली, दोर बांधणाऱ्या एका कंत्राटी माणसाचं काम गेलं, आणि तो भाग दाखवायचा की नाही यावर खूप बोलणी होऊन अखेर दाखवायचं ठरलं. पडतानाचं दृश्य ठेवायचं, जमिनीवर आदळण्याच्या आधी कापायचं आणि प्रेक्षक दाखवायचे. ते काम माझ्याकडे आलं. मी मूळ आवाज लावून बघितला. अकरा सेकंद त्यात काहीही नाही. वीस बायका गप्प. मग एकटी हिराबाय ओरडते, “अरं पोरीला बघा कुनीतरी.” त्यानंतर खुर्च्या सरकल्याचे आवाज. टाळी एकसुद्धा नाही. विलासचा हात डोक्याच्या वर होता, पिवळा रुमाल सगळ्यांना दिसत होता, पण एकीनेही टाळी वाजवली नाही... मला वरून निरोप आला की फार सुनं वाटतंय, थोडं भर. मी बँक उघडली. ‘उभं राहून टाळी, मोठी’ असं माझ्याच अक्षरात नाव दिलेला तुकडा काढला आणि त्या अकरा सेकंदांवर टाकला. प्रेक्षकांचे चेहरे आधीच्या एका शूटिंगचे वापरले. तो भाग लोकांनी डोळे फाडून पाहिला. घरोघरी पाहिला. माझ्या मुलुंडच्या सोसायटीत लिफ्टमध्ये लोक त्याच्यावरच बोलत होते.

विलासनेही तो घरी पाहिला, खुर्ची टीव्हीकडे फिरवून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टुडिओखालच्या चहाच्या टपरीवर माझी वाट बघत उभा होता. दाढी केलेली नव्हती. मालवणी तो माझ्याशी कधी बोलायचा नाही, घाबरला की मात्र तोंडून निघायची. म्हणाला, “मेल्या, खरां सांग. माझ्या कानात त्या वेळी नुसता शूऽ आवाज होता. मी वळलेलो, माझी पाठ होती त्यांच्याकडे. तुझ्या कानाला हेडफोन होते. टाळ्या वाजल्या होत्या?” बँकेबद्दल त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? म्हणून तर तो विचारायला आला होता. मी चहाचा ग्लास हातात धरून उभा होतो. खरं सांगितलं असतं तर तो थेट वर जाऊन भांडला असता, आरडाओरडा झाला असता, माझं नाव आलं असतं, काम गेलं असतं. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं असं म्हणणं सोयीचं आहे. खरं तर एवढाही विचार मी केला नाही. दोष लोकांवर टाकणं सोपं होतं, कारण लोक म्हणजे कोणीच नाही. मी म्हणालो, “हो.”

“माझा हात वर होता ना?”

“हो.”

हे मात्र खरंच होतं.

त्यानंतर विलासने प्रेक्षकांचं काम सोडलं. मनगटाचा रुमाल खुर्चीच्या हातावर बांधून टाकला. दोन वर्षं सोसायट्यांच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन केलं, मुलांना नाटक शिकवलं आणि एक चित्रपट लिहिला. मग होतं-नव्हतं ते लावून आणि ओळखीपाळखीच्या लोकांना गळ घालून तो काढलासुद्धा. चित्रपट हसवणारा होता, आणि भयंकर होता. पुनर्विकासाला निघालेली अंधेरीतली एक सोसायटी. नव्या इमारतीत सगळ्यांना पुरतील इतकी घरं नाहीत, म्हणून एक चॅनेल पुढे येतं, दर रविवारी गच्चीवर खेळ भरवतं आणि हरणाऱ्या सभासदाला कठड्यावरून खाली ढकलतात. सेक्रेटरी प्रत्येक मृत्यूआधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवतो. एकदा गणसंख्या पुरी होत नाही म्हणून मरणाऱ्या माणसाला अर्धा तास कठड्यावर थांबवून ठेवतात, आणि तोही बिचारा घड्याळ बघत थांबतो. शेजारी खाली पटांगणात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बटाटेवडे खात बघत असतात. शेवटी गच्चीवर कोणीच उरत नाही आणि कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो. चेहरे नाहीत. नुसते टाळ्या वाजवणारे हात, कितीतरी वेळ. त्या हातांसाठी विलासने खारदांड्याच्या बायकांनाच बोलावलं होतं. कशासाठी ते त्यांना सांगितलं नव्हतं. “मास्तरचा पिच्चर” म्हणून त्या हौसेने नटून आल्या, हात पुढे करून टाळ्या वाजवल्या, जेवून गेल्या. आणि त्या शेवटाच्या आवाजासाठी विलास माझ्याकडे आला. म्हणाला, “सदा, मला दुसरी टाळी नको. त्या दिवशीची दे. तीच.” मी बँक उघडली आणि तीच दिली. मूळची रेकॉर्डिंगही त्याच डिस्कवर, शेजारच्याच फोल्डरमध्ये होती. बोट जरा इकडे सरकवलं असतं तरी पुरलं असतं.

पहिला खेळ अंधेरीच्या एका छोट्या हॉलमध्ये होता, सकाळी दहाचा. पहिल्या दोन रांगा विलासने कोळणींसाठी राखून ठेवल्या होत्या. इतिवृत्ताच्या प्रसंगाला हॉल हसून लोटपोट झाला, हिराबायसुद्धा हसली. मग शेवट आला. हात दिसू लागले. आपले हात माणसाला ओळखू येतात. बांगड्या ओळखू आल्या, कोयत्याने तुटलेलं बोट ओळखू आलं. आणि पडद्यावर अर्पणाची अक्षरं उमटली: ‘मनोऱ्यावरून पडलेल्या त्या मुलीला, जिच्या पडण्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या.’ दिवे लागले तेव्हा हिराबाय उभी होती. ती ओरडली नाही. बाजारात ओरडते तशी ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मास्तर, आमी तवा टाल्या नाय वाजवल्या.”

विलास हात जोडून म्हणाला, “मावशी, मी तुम्हाला नाही, स्वतःला दोष दिलाय. हात माझा वर होता.”

“तुजा हात वर आसंल. आमचे नवते. ती पोर पडली नी माजा जीव तोंडात आला. टाल्या कोन वाजवल?”

विलासने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती आणि त्याने नेमकं माझ्याकडे पाहिलं, कारण ऐकणारा मी होतो. मी खाली वाकून बुटाची नाडी बघत राहिलो. बायका एकेक करून बाहेर पडल्या. त्यानंतर विलास कधी खारदांड्याला गेला नाही आणि तिकडून बोंबीलही आले नाहीत. परतताना रिक्षात तो म्हणाला, “वाईट नको वाटून घेऊ रे. माणसं स्वतःचे हात विसरतात.” तो माझी समजूत काढत होता.

चित्रपट पुढे चालला नाही. हॉल मिळेनात, तीन खेळांनंतर डबा बंद. मग कोणीतरी गणसंख्येचा प्रसंग तेवढा कापून, शेवट सोडून, मोबाइलवर टाकला आणि तो सगळीकडे फिरला. लोक हसून हसून एकमेकांना पाठवत होते; माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. त्यानंतर एका चॅनेलच्या मुलीचा विलासला फोन आला. कॉन्सेप्ट झकास आहे सर, म्हणाली, मारायचं वगैरे नको, पण खऱ्या सोसायटीत खरी माणसं घेऊन करूया ना? लोकांना आवडेल. विलासने मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो. तो हसला नाही. “बघ,” म्हणाला, “मी खोटं काय दाखवलं होतं?”

शेवटची दोन-तीन वर्षं तो फारसा बाहेर पडत नव्हता. हृदयाने आधी दोनदा इशारा दिला होता. त्याच्याकडे गेलो की खुर्चीत बसलेला असायचा, पुन्हा टीव्हीकडे पाठ करून, समोर वहिनी. शेवटचा भेटलो तेव्हा चहा घेताना त्याने मला पुन्हा विचारलं, अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं. “सदा, एकीनेही नाही असं झालं असेल का रे? हिराबाय खोटं बोलणारी बाई नाही.” आता काय बिघडणार होतं? शो बंद पडून किती वर्षं झाली होती, ते चॅनेलवालेही बदलले होते, माझ्या पोटावर पाय यायची भीती नव्हती. पण आता खरं सांगायचं म्हणजे चित्रपट, त्या बायका, त्याची एवढी वर्षं, सगळ्याचा जाब द्यायचा. मी म्हणालो, “जाऊ दे ना विलास. झालं ते झालं.” तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. प्रेक्षकांचे चेहरे वाचण्यात त्याची हयात गेली होती. त्याने माझा चेहरा वाचला की नाही हे मला कधीच कळणार नाही... चहा संपवून मी निघालो. बारा दिवसांनी तो गेला.

तेरावं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन खारदांड्याला गेलो. हिराबाय आता थकली आहे, बाजारात बसत नाही. किनाऱ्यावर बांबूला बोंबील वाळत घातले होते आणि ती कावळे हाकत बसली होती. विलास गेल्याचं तिला कळलं होतं. मी तिच्या कानाला हेडफोन लावले आणि ती रेकॉर्डिंग सुरू केली. अकरा सेकंद तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग तिने स्वतःचा आवाज ऐकला. तिने पदराने तोंड पुसलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि विचारलं,

“त्याला आयकवलंस?”

“नाही.”

“मंग मना कशाला आयकवतंस? मना तर ठाव होतं.”

ती पुन्हा कावळे हाकायला लागली. मला बस म्हणाली नाही.

तिथून सरळ मरोळला गेलो. वहिनी एकट्याच होत्या, टीव्ही चालू होता, नुसती सोबत म्हणून. दुसरी जागा नव्हती म्हणून मी विलासच्या खुर्चीत बसलो. पाठ टीव्हीकडे, तोंड वहिनींकडे. खुर्चीच्या हाताला तो पिवळा रुमाल अजून बांधलेला आहे, गाठीपाशी मळून काळा झालेला. मी सगळं सांगितलं. टपरीवरचा ‘हो’, बँकेतली टाळी, हॉलमधली माझी खाली घातलेली मान. वहिनी रडतील, हाकलून देतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या माझ्या खांद्यावरून मागे टीव्हीकडे बघत राहिल्या. तिथे काहीतरी स्पर्धा चालू होती.

मग म्हणाल्या, “ते इथे बसायचे ना, आधी माझा चेहरा बघायचे. त्या मुलीचं झाल्यापासून हात बघायला लागले. मी टीव्ही बघायची आणि ते माझे हात. कधी एखादं गाणं छान झालं, माझ्याकडून सहज टाळी वाजली, की त्यांचा चेहरा असा व्हायचा... मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून मी हात पदराखाली धरून बसायला लागले.”

माझ्या पाठीमागे कोणीतरी जिंकलं असावं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी न वळता ओळखलं, टाळी माझ्याच बँकेतली होती, उभं राहून, मोठी. वहिनी पडद्याकडे बघत होत्या. त्यांचे हात पदराखाली होते.